मनगट न सोडता

साळवे सिस्टर म्हणायच्या,
नाडी मोजून झाली की मनगट लगेच सोडायचं नाही.
बोटं तिथंच ठेवायची,
नजर हळूच पदरावर न्यायची
आणि पुढचं अख्खं मिनिट छाती मोजायची.
पेशंटला वाटू दे, अजून नाडीच चाललीय.
श्वासाचं असं असतं, पोरींनो,
कुणी बघतंय म्हटलं की तो शिस्तीत वागतो.

वाशी, महापालिकेचं रुग्णालय, स्त्री मेडिकल.
खाट अकरा. शिवव्वा कुसाळकर,
वय अंदाजे पन्नास, पत्ता तुर्भे, खदाणीच्या मागे.
रात्रीचे पावणेतीन.
आडवं पडवत नाही म्हणून पाठ उभी,
पुढ्यात टेबल, टेबलावर उशी,
उशीवर दोन्ही कोपरं.
बाटलीत बुडबुडे, नाकात नळी, दोन लिटर.
जास्त नाही.
वर्षानुवर्षं कमी हवेवर निभावलेल्या छातीला
एकदम ढीगभर देऊ नये,
ती श्वास घ्यायचंच विसरते.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं. दहापैकी नऊ.

बोटं बर्फ. मशीनला काही लागेना.
तिची तर्जनी तळव्यात घेऊन चोळली,
नख जाड, करडं.
मग आकडा आला, शहाऐंशी.
ओठ निळे नव्हते.
काळ्या कातडीवर निळं सहज दिसत नाही,
आणि पुस्तकातलं चित्र गोऱ्या बाईचं असतं.
"मावशी, जीभ वर करा."
तिथं, जिभेखाली, पिकलेलं जांभूळ.

घोट्यावर अंगठा दाबला, उचलला.
खळगा तसाच.
दगड काढून नेल्यावर
खदाणीत पाणी साचतं तसं
काळजाची उजवी बाजू दमली की
पायात उतरतं.

पुन्हा मनगट. काटा बारावर.
एक. दोन. तीन.

"श्वास मोजतीस न्हवं?"

मी गप्प.

"मोज. आमी बी मोजायचो.
सुरुंगाची वात पेटली का
लेकराला काखंत मारून पळायचं,
पाठ करून बसायचं, तोंड दाबून,
आन् मोजायचं.
तिसाच्या आत उडायचाच.
उडाला का धुरळा.
धुरळा बसंस्तोवर थांबलं
तर खडी कवा फोडायची?"

एवढं बोलताना ती सात वेळा थांबली.
कुठं कुठं, ते मी इथं दाखवलेलं नाही.

मी म्हटलं, नाकानं आत, दोन आकडे.
ओठांचा चंबू करा, बाहेर चार आकडे.
समोर मेणबत्ती आहे समजा,
विझवायची नाही, नुसती ज्योत हलवायची.

"मेनबत्ती कुटली. फुकनी म्हन."

आणि फुंकणीनं जमलं.
ओली लाकडं, धुराची चूल,
घाई केली तर राख डोळ्यांत,
असं हळू, लांब, तोंड न वळवता.
सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.
मध्येच खोकल्यानं सगळं उधळलं.
परत पहिल्यापासून.
एकोणनव्वद.
या छातीला एवढं पुष्कळ.

"ही बिल्डिंग कवाची?"
माझ्या जन्माच्या आधीची, मी म्हटलं.
तिनं मागं हात नेऊन भिंतीवर टेकवला,
लेकराचा ताप बघावा तसा.
"मंग आमचीच असंल खडी."
तक्रार नव्हती. अभिमानही म्हणवत नाही.
नातेवाईक ओळखावा तसं काहीतरी.

मिनिट कधीच संपलं होतं.
मी हात काढून घ्यायला गेले
तर तिचीच बोटं माझ्या मनगटावर,
आणि नजर माझ्या एप्रनवर, छातीपाशी.
"सोड की, पोरी," ती म्हणाली,
"किती येळ कोंडून बसशील?"

मी सोडला.

तीन वाजता चार्ट भरला.
श्वसन अठ्ठावीस. नाडी एकशे आठ.
शेवटच्या रकान्यात दोनच पर्याय असतात,
वाक्य पूर्ण करते, किंवा तुकड्यांत बोलते.
मी पेन धरून जरा थांबले.
मग 'तुकड्यांत'वर खूण केली.